आधी बुडवायची, मग विकायची

‘तुमचा कसला बिझनेस?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘होड्यांचा’ म्हटलं, की समोरच्या बाईचा चेहरा बघण्यासारखा होतो. पापड-लोणची, ब्यूटी पार्लर, फार तर शिवणक्लास, एवढं ऐकायची तयारी असते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. ‘अगंबाई, पण रसायनीत समुद्र कुठे आलाय?’

नाहीच आलेला. रसायनी म्हणजे खालापूर तालुका, पनवेल-रोहा लाइनवरचं एक स्टेशन, मोहोपाड्याचा बाजार आणि चहूकडे कारखाने. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना आणि त्याची वसाहत ही एके काळची इथली शान. २०१७ साली सरकारने इथला कारखाना बंद करायचं ठरवलं. रॉकेटसाठी लागणारं एक रसायन बनवणारा प्लँट तेवढा इस्रोकडे गेला.

पण समुद्र नसला तरी आमच्याकडे पाणी आहे. खोपोलीला टाटांचं वीज केंद्र १९१५ पासून आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून तिथे वीज करतात आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत सोडतात. म्हणून वैशाखातही आमची नदी वाहती असते. कर्जतच्या उल्हास नदीचंही तसंच, तिला भिवपुरीच्या केंद्राचं पाणी मिळतं. शिवाय गावतळी, शेततळी, मासेमारीला ठेक्याने दिलेले तलाव आणि मुंबईकरांचे फार्म हाऊस. फार्म हाऊस आलं की तळं आलं, तळं आलं की त्यात कमळं आली, आणि मग कुणाला तरी वाटतंच की आता एक होडी पाहिजे. आमची होडी त्यांच्यासाठी. दहा फुटी, वल्ह्याची, तीन माणसांची. समुद्रात न्यायची नाही, हे आम्ही पावतीवरच लिहून देतो.

सुरुवात आमच्या ह्यांच्या वेडापासून झाली. हे एका लहान कंपनीत फायबर ग्लासच्या टाक्या बनवायचे. अ‍ॅसिड लोखंड खातं, पण फायबरला सहजासहजी काही करत नाही, त्यामुळे केमिकलच्या पट्ट्यात या कामाला कायम मागणी. २०१५ मध्ये ती कंपनी बंद पडली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस घरी बसला. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात येरझारा घालायचे. मला ते बघवेना.

एक दिवस आपट्याच्या बाजूहून टेम्पोत एक मोडकी लाकडी होडी घेऊन आले. म्हणाले, ‘हिच्यावरून साचा काढतो.’ मी म्हटलं, ‘अहो, तुम्ही आयुष्यभर टाक्या केल्यात, होडीतलं काय कळतं?’ तर म्हणतात, ‘टाकीत पाणी आत असतं, होडीत बाहेर असतं. टाकी उलटी केली की झाली होडी!’ सासूबाईंची म्हैस विकल्यापासून गोठा रिकामाच होता. त्यात काम सुरू झालं. जुन्या होडीला लांबी भरून, घासून घासून आरशासारखी केली, तिच्यावर साचा घेतला आणि त्या साच्यातून दोन महिन्यांनी आमची पहिली होडी निघाली. पिवळी धमक. विकायचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. शेजारची पोरं त्यात बसून अंगणातच वल्ही मारायची. शेवटी एका फार्म हाऊसचा केअरटेकर दूध न्यायला शेजारी आला होता, त्याने बघितली आणि विचारलं, ‘काका, केवढ्याला?’

हे हिशेबात कच्चे. त्यांनी फक्त रेझिनचे पैसे सांगितले! तिथे मी या धंद्यात शिरले.

आधी वहीपुरतीच होते, मग गोठ्यातही जाऊ लागले. मैत्रिणींनो, हे काम बघायला अवघड वाटतं, पण ज्या बाईला पुरणाचा घाट कधी उतरवायचा ते कळतं तिला हे जमतं. साच्याला आतून पाच-सहा वेळा मेण चोळायचं, म्हणजे होडी सुटून येते. मग रंगाचा जाडसर थर, त्याला जेलकोट म्हणतात. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकला, की त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची. दिसायला जाड गोधडीच्या कापसासारखी असते. तिच्यावर रेझिन ब्रशने थापायचं आणि लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. असे चार-पाच थर. जिथे बुडबुडा राहिला तिथे होडी कच्ची.

रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात आधी कोबाल्ट ढवळायचं आणि मग कॅटॅलिस्ट. किलोला दहा-पंधरा मिली, बस. थंडीत थोडं जास्त, एप्रिलच्या दुपारी अगदी कमी, नाहीतर डब्यातच दगड होतो आणि डबा एवढा तापतो की धूर निघतो. हे माप ह्यांच्यापेक्षा माझ्या हाताला बरोबर बसलं. हे अंदाजाने ओततात, मी औषधाच्या मापाने मोजते. आमच्याकडे तीन थर झाले की हे हात पुसून माझ्याकडे बघतात, ‘पुढचं तू काढ.’

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हौसेने कुणी उद्या सुरू करेल. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो. आमच्याकडे दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत असतात. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घालायचाच. रेझिनचा वास डोक्यात चढतो, तेव्हा गोठ्याच्या दोन्ही बाजू उघड्या पाहिजेत, आणि दिवस गेलेल्या बाईने तर त्या बाजूला फिरकूही नये. काचेची धूळ अंगाला लागली की जी खाज सुटते ती सांगून कळायची नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी रात्र रात्र हात खाजवत बसलेली आहे. आता पूर्ण बाह्यांचा ड्रेस, हातमोजे, मास्क, आणि बांगड्या काढून ठेवलेल्या. सासूबाईंना आधी ते खटकलं. एकदा बांगडीला रेझिन लागून ती हाताला चिकटून बसली आणि करवतीच्या पात्याने कापावी लागली, तेव्हापासून त्याच आठवण करतात, ‘बांगड्या काढल्यास का गं?’

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

फायबर ग्लास तरंगत नाही. मलाही वाटायचं, तरंगत असेल. प्लॅस्टिकसारखंच तर दिसतं. पण त्याचा एक तुकडा बादलीत टाकून बघा, सरळ तळाशी जातो. होडी तरंगते ती तिच्या वाटीसारख्या आकारामुळे. स्टीलची वाटी पाण्यावर तरंगते, पण कलंडून भरली की गेलीच ना, तसंच. म्हणून होडीच्या बैठकींच्या पोटात हलकं काहीतरी भरायचं असतं, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही, धरायला तरी राहते. हे ह्यांना ठाऊक होतं. आणि हलकं, स्वस्त म्हटल्यावर डोळ्यांसमोर आलं थर्माकोल. गणपतीच्या मखरांचं उरलेलं थर्माकोल तर लोक फुकट द्यायचे. आम्ही ते बैठकीत ठासून भरलं, वरून मॅट टाकली, रेझिन मारलं आणि पॅक केलं. अशा पाच होड्या विकल्या.

२०१८ चा मे महिना. कर्जतच्या बाजूला एका फार्म हाऊसवर सुट्टीत आलेली मुलं आमच्या होडीत बसली. तिघांच्या होडीत सहा जण. एका बाजूला सगळे वाकले, पाणी आत आलं आणि होडी भरली. भरली ती भरली, तिने तळच गाठला. नशीब एवढंच की तळं छातीएवढं होतं आणि माळी काठावरच होता. मुलं भिजली, घाबरली, एकीच्या नाकातोंडात पाणी गेलं. बाकी काही नाही. मालकाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही तर म्हणाला होतात ही बुडत नाही.’

होडी परत आणली. ह्यांनी ग्राइंडरने बैठक कापली. आत बघतो तर अर्ध्याहून जास्त पोकळी! थर्माकोल गुटख्याच्या पुडीसारखं आक्रसून एका कोपऱ्यात बसलेलं. रेझिनमध्ये स्टायरिन असतं, आणि थर्माकोल म्हणजे त्याच स्टायरिनचं फुगवलेलं प्लॅस्टिक. ओलं रेझिन लागलं की साखर पाण्यात विरघळावी तसं ते विरघळतं. वीस वर्षं टाक्या केलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण टाकीत कधी थर्माकोल भरावं लागलं नव्हतं. ‘अगं, मला सुचलं कसं नाही,’ असं म्हणत हे कितीतरी वेळ त्या बैठकीत हात घालून बसले होते.

त्या रात्री आमच्यात जे बोलणं झालं ते अजून आठवतं. अशाच आणखी चार होड्या लोकांकडे होत्या. हे म्हणाले, ‘त्यांना काही झालेलं नाहीये. सांगितलं तर सगळे पैसे मागतील. आपल्याकडे आहेत का?’ नव्हते. लेकीची बारावी होती, फी भरायची होती. मी पण तासभर गप्पच होते, खोटं कशाला बोलू? मग मला ते नाकातोंडात पाणी गेलेलं पोर डोळ्यांसमोर आलं. सकाळी मी वही काढली आणि स्वतः फोन लावले. एकाने शिव्या दिल्या आणि पैसे परत मागितले, ते हप्त्याने दिले. दोघांनी होड्या पाठवल्या, त्या आम्ही पदरच्या खर्चाने दुरुस्त केल्या. चौथ्याने ती केव्हाच दुसऱ्याला विकली होती, त्याने तिसऱ्याला. ती निळी होडी आम्हाला आजपर्यंत सापडलेली नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी पेपरात फोटो आला होता. नौदलाच्या सहा जणी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या सहकारी, ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या होत्या. २५४ दिवस, २१ हजार ६०० सागरी मैल. लेकीने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि मधेच थांबून म्हणाली, ‘आई, ही नौका पण फायबरची आहे!’ लाकडी गाभा आणि त्यावर फायबर ग्लास. आणि ती कुठे परदेशात नाही, गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. बांधणारे रत्नाकर दांडेकर. त्यांच्या कंपनीचं नावच मुळी अ‍ॅक्वेरियस फायबरग्लास होतं.

आमच्या घरात तेव्हा ‘होडी’ हा शब्दही कुणी काढत नव्हतं. पण त्या दिवसापासून ह्यांनी दांडेकरांबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. ‘म्हादेई’सुद्धा त्यांचीच. फलटणजवळच्या विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला होता की भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी मारावी. २००९ मध्ये म्हादेई नौदलात आली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जाऊन आले, असं करणारे पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले. २०१८ च्या सप्टेंबरात याच टॉमींची बातमी आली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोरून कुणी हललं नाही. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची ‘थुरिया’ उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला मार लागून ते आत पडून. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं, आणि तोपर्यंत ती मोडलेली नौका पाण्यावर होती. तीही दिवाडीलाच बांधलेली. हे हळूच म्हणाले, ‘बघ, नौका मोडली, पण माणसाला सोडलं नाही तिने.’

डिसेंबरात गोव्याला नात्यातलं लग्न होतं. लग्नघर सोडून आम्ही दोघं रायबंदरहून फेरीने दिवाडीला जाऊन आलो. कुणाला भेटलो नाही, ओळख ना पाळख. नुसतं बेटावर फिरलो, शेतं बघितली, मांडवीच्या काठी उभे राहिलो. परतताना फेरीत हे म्हणाले, ‘पुन्हा सुरू करू या. पण एका अटीवर.’ मी म्हटलं, ‘अट माझी.’

ती अट अशी. प्रत्येक होडी गिऱ्हाइकासमोर बुडवून दाखवायची. पाताळगंगेच्या शांत डोहात, कडेला, कमरेएवढ्या पाण्यात होडी न्यायची, बादल्यांनी काठोकाठ भरायची आणि वर तीन माणसं बसवायची. अर्धा तास. हलवायची, एका अंगाला झुकवायची. काठ पाण्याबरोबर आला तरी चालेल, पण खाली जाता कामा नये आणि उलटता कामा नये.

त्यासाठी आता आम्ही पफ वापरतो, फ्रीजच्या भिंतीत असतो तो पिवळसर फोम. त्याला रेझिन काही करत नाही. माझा हिशेब साधा आहे. आमची होडी साठ किलोची. पूर्ण पाण्याखाली गेली तर तिचं वजन भरतं वीसेक किलो, आणि एक लिटर फोम साधारण एक किलो ओझं पेलतो. म्हणजे नुसती होडी वर राहायला वीस लिटर पुरे, पण माणसांसाठी आम्ही सव्वाशेच्या वर भरतो. आणि सगळा बैठकीखाली नाही, दोन्ही बाजूंना, काठाजवळ उंचावरही. सगळा फोम तळाला भरला तर भरलेली होडी उलटी व्हायला बघते. हे आम्ही डोहात उलटेपालटे होऊनच शिकलो.

पण फोम दिसत नाही ना! गिऱ्हाइकाला रंग दिसतो, वल्ही दिसतात. फोमने किंमत अडीच-तीन हजारांनी वाढते, आणि अठ्ठावीस हजारांच्या होडीत ती डोळ्यांवर येते. २०२३ च्या दिवाळीत एका पिकनिक स्पॉटवाल्याने एकदम सहा होड्या मागितल्या. आमच्यासाठी वर्षाचं काम. म्हणाला, ‘वहिनी, बोटिंगला लाइफ जॅकेट देतोच आम्ही. फोम काढा आणि पंचवीसला द्या.’ शिवाय तीनऐवजी पाच माणसांचा स्टिकर लावून हवा होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा दिला आणि नाही म्हटलं. तो गेला, सहा होड्या गेल्या. पुढचे दोन महिने गोठ्यात एक ब्रश ओला झाला नाही आणि मी स्वतःला बरीच नावं ठेवली.

मग १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट बुडून सहा जण गेले. वादळापुढे फोम किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर निदान ‘बुडवून काय दाखवताय’ म्हणून हसणं थांबलं.

हसण्यावरून आठवलं. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढले, तेव्हा आमच्याकडे लगेच दोन सोसायट्यांची चौकशी आली, पुरासाठी होडी द्या. मी नाही म्हटलं. ती जवानांची रबरी बोट वेगळी, ते जवान वेगळे. वल्ह्याची होडी पुराच्या ओढीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ. ह्यांना माझं हे नाही म्हणणं आता पाठ झालंय. म्हणतात, ‘तू दुकान चालवतेस का बंद करतेस?’

वर्षाला आठ-दहा होड्या होतात, जास्त नाही. पावसात मॅट ओल धरते, थर नीट सुकत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर काम जवळजवळ बंद. रेझिनचा भाव वर-खाली होत राहतो. माझी मजुरी मी वहीत लिहायला लागले ती मात्र उशिरा, लेकीने विचारल्यावर, ‘आई, तू यात फुकट आहेस का?’ आता मदतीला येणाऱ्या दोन पोरांच्या खाली माझं आणि ह्यांचं नाव असतं, समान रोजाने.

गेल्या मार्चमध्ये कर्जतच्या आतल्या एका गावातून बचत गटाच्या पाच बायका आल्या. गावतळं त्यांनी मासे सोडायला घेतलं होतं. जाळं टाकायला, खाद्य टाकायला होडी हवी. एवढी वर्षं होडी घ्यायला येणारा प्रत्येक जण पुरुष होता. यांनी आधी साच्यावर हात फिरवला, मग बैठकीवर टकटक करून बघितली आणि सगळ्यांत वयस्कर होत्या त्या म्हणाल्या, ‘यात काय भरलंय ते दाखवा.’ मी कापून ठेवलेला नमुना दाखवला. मग डोहावर गेलो. मी नेहमीसारखी आमची पोरं बसवायला निघाले, तर त्या म्हणाल्या, ‘पोरं कशाला? वापरनार आमी. आमी बसतो, तुमी वता पानी.’

पदर खोचून तिघी बसल्या. बादल्यामागून बादल्या ओतल्या. पाणी मांड्यांपर्यंत आलं, पोटापर्यंत आलं, होडीचा काठ पाण्याबरोबर झाला. तिघी एकमेकींचे हात धरून बसलेल्या, काठावरच्या दोघी ओरडतायत. खाली काही जाईना. शेवटी एकीने डोळे उघडून विचारलं, ‘झालं? आता हे पानी काढायचं कुनी?’

होडी टेम्पोत चढवताना मी त्यांना निळ्या होडीचं सांगून ठेवलं. तुम्हालाही सांगते. दहा फुटी आहे, आकाशी निळी, पुढच्या बैठकीवर आमच्या लेकीने पांढऱ्या रंगात काढलेला मासा आहे. कर्जत-खालापूरकडे कुणाच्या तळ्यात, शेततळ्यात दिसली तर मालकाला म्हणावं, त्यात कुणाला बसवू नका आणि रसायनीला निरोप धाडा. आम्ही येऊन घेऊन जाऊ, बैठक नवी करून परत आणून देऊ. पैसे घेणार नाही.